खडीची वाट विकणे आहे

सेंत-आव्रेल, ३ एप्रिल

चि. ओदिल हिस,
अ. उ. आ.

आज पहाटे जाग आली ती एका आवाजानं. कुरकुर, कुरकुर, मग जरा थांबून टिकटिकटिक. आपल्या बाबांच्या टपालाच्या सायकलचा आवाज, ओदिल! पाणचक्कीच्या वाटेवरची खडी चाकाखाली कुरकुरायची, आणि उतार लागला की बाबा पाय थांबवायचे, मग मागचं चाक नुसतंच टिकटिकत यायचं. तो आवाज आला की आई सूप गरम करायला ठेवायची आणि तू खिडकीत चढायचीस. उठून खिडकी उघडली, तर बाहेर धुकं आणि बार्लोच्या गाई.

हे स्वप्न उगाच नाही पडलं. वाटेच्या तोंडाशी पंचायतीनं पिवळा कागद ठोकलाय. ही वाट गावात कुणी वापरत नाही, सबब ती फुल्जांस बार्लो याला विकण्याचा विचार आहे. हरकत असेल त्यानं शुक्रवार, २६ तारखेपर्यंत चौकशी अधिकाऱ्यापुढे सांगावी. कुणी वापरत नाही म्हणे! मग मी कोण, भूत?

शाळेतून निवृत्त झाल्यापासून एक सकाळ चुकवली नाही मी. मोटार नाही, हॉर्न नाही. चेस्टनटच्या झाडांखालून जाताना स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि पुढे ओहोळ लागेपर्यंत तेवढाच. लहानपणी गुरुजींनी पाठ करून घेतलेली नदीवरची कविता माझे पाय अजून म्हणतात. चढावर ओळ तुटते, उतारावर आपसूक जुळते. या वयात देवाकडे मागण्यासारखं मला काही उरलेलं नाही. पण दिलेलं काढून घेऊ नये, एवढं मात्र वाटतं.

फुल्जांस तर शाळेत माझ्याच बाकावरचा. आता समोरून आला की ट्रॅक्टरच्या चाकांकडे बघत जातो.

तुझा गुडघा कसा आहे? लोभ आहेच, म्हातारपणी तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
आन्सेल्म

* * *

लिमोज, ७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं आणि मग हसू फुटलं. हसू का, ते सांगते. रागावू नकोस. रागावलास तरी इथवर ऐकू येणार नाही.

वाटेच्या तोंडाशी लाकडी पाटी होती. तिच्यावर काटेरी झुडपं कुणी वाढू दिली? गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात सायकलवाल्या पोरांनी तुला खडीची वाट विचारली, तेव्हा त्यांना डांबरी रस्त्याला कुणी लावलं? तूच मला लिहिलं होतंस, मोठ्या फुशारकीनं, की पोरं गेली आणि वाट वाचली. अशी वाचली बघ! चाळीस वर्षं गावातल्या मुलांना एकवचन आणि अनेकवचन शिकवलंस, आणि एकटा आन्सेल्म म्हणजे लोक नव्हेत, हे तुझ्या लक्षात आलं नाही.

फुल्जांसलाही शिव्या देऊ नकोस. त्याची दोन कुरणं त्या वाटेच्या दोन अंगांना. गाई इकडून तिकडे न्यायच्या तर डांबरी रस्त्यानं वळसा पडतो. मागच्या हिवाळ्यात ट्रकखाली त्याचं वासरू गेलं, हे मला त्याच्या बहिणीनं फोनवर सांगितलं. तू त्याच गावात राहतोस, आणि तुला ठाऊक नाही!

तेव्हा आता कोयता घे आणि झुडपं तोड. लोकांना बोलाव. मला मात्र बोलावू नकोस. आईचं घर विकलं त्या दिवशी मी ठरवलं होतं की त्या खिडक्यांना दुसऱ्यांचे पडदे बघायला यायचं नाही. संसार अर्ध्यावर टाकून रेमी गेल्यापासून सायकललाही हात लावलेला नाही.

मफलर घालून जात जा. माया कमी करू नये, वाढवायची असल्यास माझी हरकत नाही.

तुझी,
ओदिल

* * *

सेंत-आव्रेल, १६ एप्रिल

चि. ओदिल हिस,
अ. आ.

दोन दिवस रागावलो होतो. तिसऱ्या दिवशी कोयत्याला धार लावली.

पाटी निघाली खालून, शेवाळानं हिरवीगार. घासताना वाटलं, आपण वर्गाचं दार आतून लावून घेतलं आणि मुलं येत नाहीत म्हणून रडत बसलो. पावाची गाडी घेऊन फिरणाऱ्या पेलिसूबाईंना म्हटलं, रविवारी पाणचक्कीवर सगळ्यांनी सायकलवरून यावं, असं घरोघरी सांगाल का. बाई म्हणाल्या की मास्तर, तुम्ही? ज्या वाटेवर मला गाडी वळवायला मनाई केली होतीत, तीच ना ही? आणि मग पाव गुंडाळता गुंडाळता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा हसल्या. पण सांगितलं त्यांनी. एक घर सोडलं नाही.

रविवारी किती माणसं आली म्हणून सांगू! पाणचक्की विकत घेतलेलं डच जोडपं आलं. सरपंचबाईंचा नवरा बायकोची नजर चुकवून आला. ज्यांना मी डांबरी रस्त्याला लावलं होतं, त्या पोरांपैकीही दोघं आली. त्यातला एक म्हणाला की मास्तर, आज तरी बरोबर वाट दाखवा. सगळे हसले. मीही हसलो, कान लाल झाले ते थंडीनं असं समज. चक्कीच्या ओट्यावर ‘पाते’ कापला, आई करायची तोच बटाटा भरून भाजलेला, सफरचंदाची साइडर झाली. इतकी चाकं खडीवरून एकदम गेली, की पावसाची सर आल्यासारखं वाटलं. मला शांतता हवी होती ना? ती गेली नाही, ओदिल. लोक पुढे गेले आणि ती मागून परत आली, जणू त्यांनाच सोडायला गेली होती.

फुल्जांस कुंपणाशी उभा होता. मी त्या ‘पाते’चा तुकडा घेऊन गेलो. त्यानं घेतला, पण म्हणाला की एका रविवारची जत्रा म्हणजे वहिवाट नव्हे. आणि ते खरं निघालं. चौकशी अधिकारी भला माणूस आहे. तो म्हणतो की पूर्वापार ही वाट गाव वापरत होतं असं सांगणारं जुनं माणूस हवं, आणि ते माझ्याशिवाय दुसरं हवं. मी आठवून आठवून थकलो. आपल्या वेळचे सगळे चर्चमागच्या भिंतीआड झोपलेत. उरलो मी आणि फुल्जांस.

आणि एक तू. पण मी तुला ये म्हणत नाही. तू नको म्हणालीस, विषय संपला.

आहेस तिथे सुखात राहा, आठवण असू दे.

आन्सेल्मदादा

* * *

लिमोज, २० एप्रिल

ती. दादास,
सा. न.

घाईत लिहिते. नाही जमायचं रे. गुडघ्याचं निमित्त सांगत नाही. मन होत नाही, हेच खरं. वाट गेली तरी तुझी बहीण कुठे जात नाही, एवढं लक्षात ठेव.

विलोच्या झाडाखालचा ओहोळ एप्रिलात अजून वाटेवर येतो का? सहज विचारलं.

कृपा आहेच, ती असू दे.

ओदिल

* * *

सेंत-आव्रेल, २५ एप्रिल

चि. ओदिल हिस,
अ. आ.

उद्या शेवटचा दिवस. ओहोळ येतो वाटेवर, घोट्याइतका. पाय वर उचलून चाकं सोडून द्यायची, तू करायचीस तशी.

काल मी होऊन फुल्जांसकडे गेलो. वासराबद्दल आजवर विचारलं नाही, याचं वाईट वाटतं म्हणालो. सांगितलं की वाट कुणाचीही राहो, तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर फाटकं कर, गाई सरळ आडव्या ने. गाई जाईपर्यंत सायकलवाल्यांना मी थांबवीन, शाळेतली शिट्टी अजून आहे माझ्याकडे. तो म्हणाला की म्हाताऱ्या, तू उद्या मेलास तर शिट्टी कोण वाजवणार. मी म्हटलं, तू. त्यानं दार लावून घेतलं, पण आपटलं नाही.

आज सकाळी पुन्हा जाऊन आलो. कदाचित शेवटचं. आणि काय सांगू, दुःख होईना. बाबा या वाटेनं पत्रं घेऊन गेले, मी इतकी वर्षं रिकाम्या हातांनी गेलो आणि दर वेळी काहीतरी घेऊन आलो. अशा माणसानं तक्रार कुठल्या तोंडानं करायची? तुझेही आभार मानायचे आहेत. तू माझे कान उपटले नसतेस, तर मी तो पिवळा कागद फाडून घरात बसलो असतो, आणि पेलिसूबाईंना सायकलवर बसलेलं बघायचं राहून गेलं असतं. ते दृश्य...

थांब, कुणीतरी दार वाजवतंय. एवढ्या जोरात वाजवायला काय झालं?

ओदिल, हे उभ्याउभ्या लिहितोय, कारण काय करावं ते सुचत नाहीये. हे पत्र आता टपालात टाकायचं कारण उरलं नाही. तू दारात उभी आहेस. घोट्यापर्यंत भिजलेली, तोंड लालबुंद, आणि म्हणतेस की दादा, आधी टॉवेल दे, मग रड. तुझ्यामागे फुल्जांस आहे. चाक पंक्चर झालेली कुणाची तरी सायकल त्यानं खांद्यावर घेतलीय आणि तो कुरकुरतोय की स्टेशनापासून ही बाई वाटेनं आली, अर्ध्यावर अडकली, मग तिला घेऊन मलाही त्याच वाटेनं यावं लागलं. वर म्हणतो, वाट कुणी वापरत नव्हतं असं खोटं मी उद्या त्या चौकशीच्या साहेबापुढे बोलणार नाही, काय ते ही आणि मी दोघं मिळून सांगू. पण गाईंची दोन फाटकं मला लेखी हवीत, आणि आधी ही सायकल कुठे ठेवू ते सांग.