माळवदावरची माती

आण्णा, मी काय धंदा करतो हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असता. मी सिनेमासाठी घरं पाडतो. खरी नव्हे, संगणकातली. दगड, लाकूड, माती, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि खालून हादरा द्यायचा. मग घर आपोआप कोसळतं. पूर, आगी, तुटलेले पूल, सगळं करून झालंय. भूकंपाचं काम निघालं की लोक माझंच नाव घेतात. भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरचा म्हटल्यावर त्यांना वाटतं, याला हे उपजतच येत असणार. मला राग येतो, पण काम मी सोडत नाही.

आताच्या सिनेमात आपल्यासारखंच माळवदाचं घर आहे. छतावर मातीचा थर किती जाड ठेवायचा, असं हाताखालच्या एका मुलीनं विचारलं आणि मी तिच्यावर उगाच खेकसलो. ते वर्ष आठवलं. मी बारावीला नापास होऊन घरी बसलेलो. गळती थांबवायला पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, पण आधी जुनी काढायची, नाहीतर दरसाल भार वाढत जातो. तुम्ही मला वर पाठवलंत. ऊन चढलेलं, डोकं तापलेलं. मी जुनीवरच नवी पसरली आणि पाय आपटत खाली उतरलो. तुम्ही भाकरी खाताय. विचारताय, "जुनी खरवडलीस का रं?" मी म्हणतो, "व्हय." "समदी?" "व्हय म्हणलं की!" तुम्ही हसता. "लई काम केलंस गड्या. बस, खा."

पाऊस सरता सरता भूकंप झाला. मी अंगणात झोपलो होतो, तुम्ही आत. तुम्हाला काढायला खोऱ्यानं माती उपसावी लागली, आणि ती उपसताना मी पसरलेली माती मी ओळखली.

परवा सगळे जेवायला गेल्यावर मी संगणकातल्या छतावरची जुनी माती काढून टाकली आणि तोच हादरा पुन्हा दिला. छत पडलंच. आणखी एकदा दिला, तरी पडलं. इतकं हलकं वाटलं की तुम्हाला कळवायला बसलो: माझ्या मातीनं काही झालं नाही, ते पडणारच होतं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तरी खरं लिहितो. हादरा देण्याआधी, तुम्ही दगडावर दगड बसवून रचलेल्या भिंती मी संगणकात कच्च्या करून ठेवल्या होत्या.