डोक्यावर उभे अध्यक्ष

मंगळवार, ५ मार्च

दादाला ठाण्यातच ठेवलंय. पोस्टमास्तरांनी दुजोरा दिला — स्वतः पाहून आले. मारलेलं नाही. बाकावर बसवलंय, चष्मा तेवढा काढून घेतलाय.

झालं ते असं. नवी राजवट आली तेव्हा पोस्टात जुन्या तिकिटांचे गठ्ठे पडून होते, प्रत्येकावर जुन्या अध्यक्षांचा चेहरा. नवी तिकिटं काढायला ना वेळ, ना कागद. मग हुकूम निघाला — चेहऱ्यावर आडवे 'मुक्त प्रांत' असे शब्द छापा आणि तीच विका. आमचं वर्तमानपत्र त्यांनीच बंद केलेलं, छापखाना रिकामा. काम आमच्याकडे आलं. जुळाऱ्याने खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवली, मी प्रूफ तपासलं, दादाने मशीन चालवलं. पहिला ताव बरोबर. पुढचेही बरोबर. शेवटच्या चळतीत मात्र शब्द उलटे पडले, पाय वर करून.

नेमकी तीच चळत नव्या राजवटीच्या इथल्या अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली. तिथून ती तिकिटं लावून निमंत्रणं रवाना झाली — त्यांच्या पहिल्या समारंभाची.

मुद्दाम केलं, म्हणतात. अशा गुन्ह्याला फाशीसुद्धा होते, असं पोस्टमास्तर म्हणाले.

बुधवार, ६ मार्च

जुळाऱ्याने मशीनपाशी उभं राहून करून दाखवलं. तिकिटांच्या तावाला मागून गम. दमट हवेत तो वळतो, कड वर उचलते आणि मशीनचा चिमटा ती धरत नाही. अशा वेळी दादा काय करतो? चळत उचलतो, फिरवतो, मागची कड पुढे घेतो. आयुष्यभर हेच केलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाला डोकं नसतं की पाय नसतात. कसाही घाला.

"हाताला कुठे चेहरे कळतात, बाई?" जुळारी म्हणाला.

वहिनी संध्याकाळी आली. चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही. "वन्सं, तुम्ही लिहिणाऱ्या. दुसऱ्यांसाठी रोज रकाने भरलेत. आता घरच्यासाठी चार ओळी लिहा."

काय सांगू तिला? माझ्या चार ओळी छापणारा आत बसलाय.

गुरुवार, ७ मार्च

अधिकाऱ्याने मला कचेरीत भेटायला बोलावलं. टेबलावर ते तिकीट, भिंगाखाली.

"तुमचा कोण?"

"थोरला भाऊ."

"कुठल्या पक्षाचा?"

"तो फक्त हवामान वाचतो. तेही कागद वळेल का, ते बघायला."

हसला नाही. मी गम, कड, चिमटा, सगळं समजावलं. निम्म्यातच हात वर केला. "बाई, मी सैनिक आहे. मला एवढंच दिसतंय, की आमचं नाव उलटं आहे."

तेव्हा मला सुचलं. कुठून सुचलं कोण जाणे! मी तिकीट त्याच्यासमोर फिरवलं. "आता बघा. तुमचं नाव सरळ आहे. अध्यक्ष डोक्यावर उभे आहेत. अपमान झालाच असेल तर त्यांचा झालाय."

त्याने बघितलं. तिकीट फिरवलं, परत फिरवलं. मान तिरकी केली.

"लिहून द्या."

तिथेच बसून लिहून दिलं. एक खाडाखोड नाही. 'सदर तिकिटात माजी अध्यक्षांनाच खाली डोकं वर पाय करून दाखविले असून नव्या राजवटीचा मान अबाधित आहे.' खाली सही, हुद्दा, तारीख. बरं वाटलं. अंक वेळेवर छपाईला गेल्यावर वाटायचं तसं.

शुक्रवार, ८ मार्च

उत्तर नाही.

शनिवार, ९ मार्च

उत्तर आलं. तोंडी, पोस्टमास्तरांकरवी. पाकिटावर तिकीट लावताना लोक चेहरा सरळ धरतात, शब्द नाही. म्हणजे उलटे आम्हीच, असं अधिकाऱ्याचं म्हणणं. अर्ज फाइलला लावला आहे.

खरं आहे. मीही चेहरा सरळ धरूनच लावलं असतं.

वहिनीला पाच मिनिटं भेटू दिलं. तिने विचारलं, काय हवं-नको? दादा म्हणाला, "मशीन बंद पडून राहिलंय. रुळांना तेल घालायला सांग."

"माणसाला फाशीची भीती नाही, गंजाची आहे," म्हणाली आणि मग पदर तोंडाला लावून बसली. मी शेजारी बसले. दुसरं काय करणार?

मंगळवार, १२ मार्च

दादाला मोठ्या तुरुंगात नेणार. कधी, ते कळत नाही. ज्याला विचारावं तो वरच्याकडे बोट दाखवतो आणि वरचा खिडकीबाहेर बघतो. नदीपलीकडून तोफांचे आवाज येताहेत.

जुळाऱ्याने रुळांना तेल घातलं.

शुक्रवार, १५ मार्च

ते पळाले. सकाळी कचेरीची दारं सताड उघडी, फाइली जागच्या जागी, दिवेसुद्धा चालू. दुपारी जुन्या सरकारचं सैन्य परतलं आणि ठाणं उघडलं.

दादा घरी आला. चालत नाही — खांद्यावरून! त्या तिकिटाची गोष्ट गावभर झालेली. शत्रूचं नाव उलटं छापणारा एकमेव माणूस, म्हणे. चौकात त्याला खुर्चीवर उभं केलं.

"अहो, कागद वळला होता," दादा सांगत होता. लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी म्हणालं, "बघा, मोठेपणाही घेत नाही!"

वहिनी हसत होती, रडत होती. मीही. पोस्टमास्तर कानात म्हणाले, "आता त्या शब्दांवर आणखी काय छापायचं? आधीच अध्यक्ष शोधावे लागतात." किती दिवसांनी पोट धरून हसले.

रविवार, १७ मार्च

नव्या — म्हणजे जुन्या — अधिकाऱ्यांनी कचेरीतल्या फाइली वाचायला घेतल्यात. शत्रूसाठी तिकिटं कोणी छापली, कोणी तपासली, याची चौकशी होणार. जुळारी काल बहिणीकडे म्हणून गेला तो परतलेला नाही.

दादाला विचारलं, "चौकशीत तू काय सांगशील?"

"खरं तेच. कागद वळला होता."

"मग तू शूर नाहीस, दादा. त्यांची तिकिटं छापणारा आहेस."

तो तळव्यावरची शाई खरवडत बसला. ठाण्यात इतके दिवस राहूनही निघाली नाही ती. म्हणाला, "मग काय सांगू?"



सोमवार, १८ मार्च

माझा अर्ज त्यांना सापडला. पोस्टमास्तरांनी दुजोरा दिला, दारातूनच, आत न येता. 'माजी अध्यक्षांना खाली डोकं वर पाय' या ओळीखाली लाल रेघ आहे, म्हणाले. अक्षर सुवाच्य असल्याने शोधायला त्रास पडला नाही.

उद्या सकाळी चौकात दादाचा सत्कार आहे. मला हजर राहायला सांगितलंय. सत्कार झाल्यावर मी तो अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा आहे, दादा शेजारी उभा असताना. मग ते त्याला विचारणार आहेत — बहीण म्हणाला तर तोही फितूर — या बाई तुमच्या कोण?