ऐनाचे फुटवे

बाबा, तुम्ही गेल्यापासून भांडायला तसं कोणी उरलंच नाही, म्हणून लिहितेय. डोंगरावरचं तुमचं लाडकं रोपवन आता तोडीला आलंय. लाकूड जाणार कागदाच्या कारखान्यात आणि त्याच जागी पुन्हा तशीच रोपं लावणार. रविवारी कार्यक्रम आहे. मंडप, हार, नारळ, सगळा थाट. तुमच्या नावानं पहिलं रोप लावून दोन शब्द बोलायचा मान माझ्याकडे आलाय. काय पण मान!

मी नववीत असताना सुट्टीच्या दिवशी मला वनखात्याच्या जीपमधून तिथं घेऊन गेला होतात. ऐन, किंजळ, हेद, सगळी मूळची झाडं तोडून उतार पार भादरून ठेवला होता. तुम्ही लाल चिंध्या बांधलेली दोरी ताणून धरलीय, चिंधी आली की खड्डा, खड्ड्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ. ओळ जरा वाकडी गेली की मजुरांवर खेकसताय. शाळेच्या कवायतीतसुद्धा इतकं सरळ कोणी उभं राहत नाही हो! पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो, तर तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यांतून हिरवेगार फुटवे निघालेले आणि तुमची माणसं कोयत्यानं नेमके तेच छाटत होती. मी विचारलं, "बाबा, हे तर आपोआप येतंय, मग कापताय कशाला?"

"शहाणपणा नको," तुम्ही म्हणालात. "लावलेलं झाड दाखवता येतं. आपोआप आलेलं कोणाला दाखवू? आणि वरून ऑर्डर आहे, साहेबांची."

झालं! वरून ऑर्डर आली की तुमचं डोकं रजेवर. जंगल बिचारं दरवर्षी परत यायला बघायचं, तुम्ही दरवर्षी मजूर लावून ते छाटायचात आणि घरी आईला ऐटीत सांगायचात, मी जंगल वाढवतोय.

आता मी माणिकपूरला कॉलेजात मुलांना शिकवते, की जंगल हवेतला कार्बन नुसता खोडात ठेवत नाही. मुळांत ठेवतं, कुजलेल्या पाल्यात ठेवतं, मातीत ठेवतं, पिढ्यान्‌पिढ्या. तुम्ही उतार खणलात आणि त्यातलं कितीतरी हवेत सोडून दिलंत. बाभळींनी थोडं भरून काढलं म्हणावं, तर त्याही आता कागद होऊन रद्दीत जाणार. आणि हे लोक मंडपात उभे राहून कार्बनवरच भाषणं ठोकणार. लाजबीज काही नाहीच.

परवा वर जाऊन आले. तुमच्यानंतर छाटायला कोणी फिरकलंच नाही, त्यामुळे बाभळींच्या मधून ऐनाचे फुटवे माझ्या डोक्याच्या वर गेलेत. बाभळी न्यायच्या तर न्या, पण खणू नका, काही लावू नका, हे फुटवे तेवढे राहू द्या, इतकंच मला रविवारी सांगायचंय. नाही सांगितलं तर सोमवारी त्यांच्यावर कोयता पडणार. पण ते सांगायचं तर आधी म्हणायला हवं, ही चूक माझ्या बाबांची. पुढच्या रांगेत आई असेल, तुमचे जुने सोबती असतील. असू देत. तुमच्यासारखं गुळमुळीत बोलायला मला जमत नाही.

हे पत्र काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. सकाळपासून आरशासमोर उभी राहून तयारी करतेय. "ही चूक माझ्या" इथपर्यंत आवाज अगदी खणखणीत लागतो, आणि पुढे दर वेळी तोंडातून निघतं, "बाबांच्या साहेबांची."