दह्यामागची वाटी

मार्कहॅम, रविवार, १८ फेब्रुवारी २०१८

आज गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून बरबॉट धरला. वामेसारखा लांबडा, हनुवटीला एकच मिशी. जावई म्हणाला, "बाबा, सोडून द्या, हा कुणी खात नाही." मी हट्टाने घरी आणला.

माझी बायको सुलू मालवणची. चाळीस वर्षांत तिने इथल्या तळ्यातला मासा तोंडाला लावलेला नाही. म्हणे, चिखलाचा वास येतो. ती मिशी बघून तिने नाक मुरडलं, तरी तिरफळं-कोकम घालून माझ्यापुरती आमटी केली. चाखून "बरी आहे," एवढंच म्हणाली.

मग आत्ता फ्रीजमध्ये दह्यामागे ही झाकलेली वाटी कसली? उघडली, तर आत डोकं, मिशीसकट.

मागून सुलू थेट मालवणीत ओरडली, "हात लावू नकात! उद्या मीच खातलंय."