परक्या बंदरातलं जहाज

अण्णा, इथे अमेरिकेत, फ्रीमाँटला तुमच्या नातवाची नोकरी गेलीय. व्हिसा नोकरीवर, मुदतीत दुसरी मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरायचं. पोरगा जेवत नाही, गराजमध्ये दिवा न लावता बसून राहतो. मला त्याची भीती वाटते, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुम्ही गोदीत वेल्डर. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने दोन महायुद्धांच्या मधे बांधलेलं ते जर्मन लढाऊ जहाज काढायचात. पहिल्या युद्धात हरलेल्यांना तहाने दहा हजार टनांची वेसण घातलेली, म्हणून त्यांनी रिव्हेट सोडून पत्रे वेल्डिंगने जोडले, वजन वाचवलं, लांब पल्ल्याची डिझेल इंजिनं आणि मोठ्या तोफा बसवल्या. "जो गाठेल त्याला झोडपायचं, जो झोडपेल त्याच्यापुढून पळायचं," तुम्ही जावयाचं कौतुक केल्यासारखे सांगता. आई ताटं घेऊन उभी. "तुमचं जहाज जरा सरकवा, आमटी निवतेय." मी विचारतो, त्याला लागलं तर ते जाणार कुठे? तुम्ही खडू खाली ठेवता. "लांबच्या पाण्यात एकट्याने फिरायला बांधलंय रे. आपलं बंदर वाटेत कुठेच नाही."

मीही लेकाला तसाच बांधला, अण्णा. हुशार, वेगवान, एकटा.

काल त्याच्याशेजारी जाऊन बसलो. धीर कसा देतात ते कधी शिकलो नाही, म्हणून जहाजच सांगत बसलो. दुसरं युद्ध पेटल्यावर शत्रूच्या तीन लहान जहाजांनी त्याला जखमी केलं, ते परक्या तटस्थ बंदरात शिरलं, तिथल्यांनी मुदत घातली, आणि बाहेर मोठा ताफा टपलाय अशी आवई उठली.

"होता का ताफा, बाबा?" किती दिवसांनी तो आपणहून बोलला.

"कुठला? ती मार खाल्लेली जहाजं, आणि मदतीला आलेलं एखादं."

"मग कॅप्टनने काय केलं?"

"माणसं उतरवली आणि जहाज स्वतःच बुडवलं. लोखंड गेलं, पोरं वाचली."

"आणि तो स्वतः?"

"घरी गेला," मी म्हणालो.

तो उठून आत आला, दोन घास वरणभात खाल्ला. मला वाटलं, जिंकलो. पण तुम्हाला ठाऊक आहे, तो कॅप्टन घरी गेला नाही. त्याने स्वतःला संपवलं. आता खोलीचं दार लोटलेलं आहे, पोराच्या हातात फोन आहे, आणि असलं शोधायला कितीसा वेळ लागतो. त्याला ते माझ्या तोंडून कळायला हवं, मी शेजारी बसलेला असताना. हे पत्र इथेच टेबलावर ठेवतो आणि आत जातो. काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.