सात मिनिटं हलणारा पडदा

सोमवार, ३ जून

फजिती! अंधांसाठी सिनेमाचं वर्णन करायचं काम मिळालं खरं, पण पहिलाच सिनेमा असला — एक खून, एक विधवा, तपास करणारा पोलीस, आणि दर अर्ध्या तासाला पलंग. संवाद थांबले की पडद्यावर काय चाललंय ते मी माझ्या आवाजात सांगायचं. मग एका अंध श्रोत्यानं बलस्थानं आणि उणिवा सांगून, कथा नीट कळली अशी सही करायची. तेव्हा कुठे माझी नोकरी कायम.

नेहमीचे श्रोते तापानं आडवे झालेत. “तुझे सासरे आहेत की,” स्टुडिओच्या मॅडम म्हणाल्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मंगळवार, ४ जून

पलंगाचे तिन्ही प्रसंग उरकले — ‘दोघे बोलत बसतात. खिडकीचा पडदा हलतो.’ सासऱ्यांच्या कानात आणखी काय सांगणार? उद्या चहा घेऊन समोर जायचंय मला! नवरा म्हणतो, झकास झालंय. त्यानं ऐकलेलं नाही.

बुधवार, ५ जून

बाबांनी ऐकला. पूर्वी गाण्याच्या परीक्षा घ्यायचे, तसेच ताठ बसून. अभिप्राय मीच लिहून घेतला. नायिकेचा आवाज गोड, संगीतकाराला ताल कळतो. उणिवा मात्र ढीगभर. सात मिनिटं पडदाच हलतोय, उठून खिडकी लावायला काय होतं? एवढी धाप लागणाऱ्या माणसाला पोलिसात घेतलंच कसं? आणि खुनी नक्की त्याचा डॉक्टर, औषधात तोच काहीतरी मिसळतोय.

सिनेमात डॉक्टर नाहीच! खुनी तो पोलीस. मरणाऱ्यानं त्याची पाठ ओरबाडलेली असते, आणि ते ओरखडे नायिकेला दिसतात कुठे, तर पलंगावर. मीच पुरावा गिळला.

“सगळ्यात मोठी उणीव सांगणारी,” बाबा म्हणाले. “ती माझ्यापासून काहीतरी लपवतेय.”

सही नाही. परवा शेवटची मुदत.

गुरुवार, ६ जून

सगळं पुन्हा बोलले. बटणं, मान, ओठ, पाठ. आवाज निघाला बसस्थानकावरच्या सूचनेसारखा. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाली पोट धरून हसत होती.

शुक्रवार, ७ जून

बाबा ऐकत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंड लपवून मटार सोलत बसले. दोन तासांनी हाक आली. खुनी पोलीस, पाठीवरच्या ओरखड्यांवरून कळलं म्हणाले. सही केली. मी कागद उचलून पळणार, तेवढ्यात म्हणाले, “थांब जरा. तुझी सासू सिनेमाला शेजारी बसून सगळं कानात सांगायची. पण असला प्रसंग आला की गप्प व्हायची आणि माझा हात धरायची. चाळीस वर्षांत मला एकाही सिनेमातला खुनी कळला नाही.”