फक्त त्याचे प्रश्न

शुक्रवार, ९ तारीख, दुपार

प्रिय ताई,

...आणि हो, तू म्हणतेस ते खरंय, नुसत्या पुस्तकातून काही होत नाही. तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत सुटले. "कारखान्यात कपड्यांना काजं करायला नवी बाई आलीये, तिला फक्त स्पॅनिश येतं, तिच्याशी बोलायला कुठून सुरुवात करू?" म्हणजे पाच महिने मी ज्याच्या मागे वेडी झालेय, तेच आता तुलाही हवंय! आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. मी बरी आहे. तूही बरी असशील. असशील ना?

तर ऐक. व्याकरणाला सध्या हातही लावू नकोस. दहा अख्खी वाक्यं पाठ कर. पहिलं, "मास देस्पासियो". म्हणजे जरा सावकाश. हे एवढं आलं की समोरचं माणूस कितीही सुसाट सुटलं तरी आपण बुडत नाही. दुसरं, "कोमो से दीसे", याला काय म्हणतात? कात्रीकडे बोट दाखव, रिळाकडे दाखव, आणि विचार. ती बाई खूश होईल बघ. चुकलीस तर हसेल, हसू दे. हसलेली चूक परत होत नाही, हा माझा अनुभव.

घरात मी सगळीकडे चिठ्ठ्या चिकटवल्यात. दारावर, आरशावर, फ्रिजवर. आई म्हणते, "मिठाच्या डब्यावर चिठ्ठी लावलीस, तरी भाजीत मीठ दोनदा घातलंस. ते कुठल्या भाषेत?" भांडी घासताना मी स्वतःशीच बोलते, आता मी ताट धुते, आता मी पेला धुते. शनिवारी लायब्ररीत आमचा गप्पांचा गट असतो. चारच जण. त्यात एक रिटायर्ड बेकरीवाले काका आहेत. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "पोरी, तू स्पॅनिश बोलतेस की भांडतेस?" त्यांनीच मला बोलण्याची अदलाबदल शिकवली. एक पार्टनर शोधायचा. अर्धा तास तुझ्या भाषेत, अर्धा तास त्याच्या. वर असंही म्हणाले, "जो आपला अर्धा तास मागत नाही, त्याच्याकडे जरा नीट बघ." तेव्हा मला वाटलं, म्हातारा उगाच शहाणपणा करतोय.

मला पार्टनर मिळाला होता, ताई. गेले अडीच महिने, दर गुरुवारी संध्याकाळी, फोनवर. मी त्याला सेन्योर म्हणते. बोटीवर स्वयंपाकी होता, बरीच वर्षं तिकडच्या बंदरांत काढलेली. आवाज इतका छान, शांत. माझं वाक्य अडलं की थांबतो, घाई करत नाही. त्याने कधीच आपला अर्धा तास मागितला नाही. मला वाटलं, काय दिलदार माणूस.

आणि विषय अगदी सोपे, सुरुवातीला सगळेच घेतात ते. तुझा दिवस सांग. तुझं घर सांग. तुझ्या घरच्या माणसांबद्दल सांग.

आईबद्दल तीन वाक्यांत संपलं. मग तुझ्याबद्दल सांगितलं.

आता ती युक्ती सांगते, जी तुला खरंच उपयोगी पडेल. त्या बाईचं बोलणं तिला विचारून तिच्याच फोनवर रेकॉर्ड कर. मग आपलं बोलणं कापून टाकायचं, फक्त तिचं ठेवायचं, आणि तिच्या मागोमाग, तिच्याच चालीत, जोरात म्हणायचं. जीभ वळते. मी सगळे गुरुवार रेकॉर्ड केले होते. आज सकाळी बसले. माझी उत्तरं कापली आणि सेन्योरचे प्रश्न एकापुढे एक जोडले. कानात हेडफोन, समोर आरसा, आणि मी त्याच्या मागोमाग म्हणत गेले.

बहीण एकटी राहते का? कितव्या मजल्यावर? खाली काय आहे? दाराचा रंग कोणता? जिना पुढून की मागून? कामावर चालत जाते की बसने? किती वाजता परत येते? सुट्टी कधी? सुट्टीच्या दिवशी घरी कोण असतं? तिच्याकडे जायला ट्रेनने किती तास? स्टेशनबाहेर काय दिसतं?

माझ्याच तोंडून, ताई. आरशात माझंच तोंड हलत होतं. अकराव्या प्रश्नाला मी हेडफोन काढून ठेवला.

मी सगळ्याची उत्तरं दिलीत. हिरवं दार. खाली औषधाचं दुकान. मागचा जिना. साडेसहा. बुधवार. तीन तास. काटे नसलेलं घड्याळ. गावाचं नाव तेवढं सांगितलं नाही. पण तीन तासांवर, काटे नसलेल्या घड्याळाची स्टेशनं अशी किती असणार? तू म्हणशील, थापा मारायच्या होत्या. मारल्या असत्या गं. पण खोटं बोलायला जेवढे शब्द लागतात, तेवढे माझ्याकडे नाहीत. मला येतं ते हिरवं, दार, जिना, बुधवार. एवढ्या शब्दांत फक्त खरंच बोलता येतं.

मला वाटलं, उगाच घाबरतेय. पुस्तकातसुद्धा हेच प्रश्न असतात. मग कालचं रेकॉर्डिंग लावलं. काल तो म्हणाला होता, "तुझ्या बहिणीचं डावं मनगट दुखतं ना, मग बाजारातून सामान कोण उचलून आणतं?" आणि मी लगेच, शहाणी, "ती उजव्या हाताने उचलते." वाक्य बरोबर आलं म्हणून खूश.

मनगटाचं मी कधीच सांगितलं नव्हतं. सगळे गुरुवार पुन्हा ऐकले. कुठेच नाही. मनगटाचं तुला माहीत, मला माहीत, प्लास्टर घातलं त्या डॉक्टरला माहीत. आणि ज्याने ते पिरगाळलं त्याला.

आता जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते लिहिते. सेन्योर मला भाषा शिकायच्या कुठल्या अ‍ॅपवर मिळाला नाही. त्याचा नंबर मला भाऊजींनी दिला.

लायब्ररीच्या पायऱ्यांवर भेटले होते. वाळलेले, दाढी वाढलेली. मी वळून निघाले होते, खरंच. मागून म्हणाले, "काय पोपट, अजून शिकतेस का ते स्पॅनिश?" त्या नावाने तू सोडून कुणी हाक मारत नाही आता. मी थांबले. म्हणाले, "नुसती घोकंपट्टी करून काय होणार? माझ्या ओळखीचा एक आहे, बोटीवरचा. फुकट बोलेल तुझ्याशी." तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. कुठे आहे, कशी आहे, काही नाही. म्हणून तर मला वाटलं, बदलले. आणि खरं सांगू? मला तो नंबर हवा होता. बोलायला कुणीतरी हवंच होतं. तुझी शपथ आठवत होती, त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. मी म्हटलं, मी कुठे त्यांच्याशी बोलतेय, मी तर स्वयंपाक्याशी बोलतेय. तुला लिहिलं नाही. आठ पत्रं लिहिली, एकातही नाही.

कालच्या फोनचं शेवटचं वाक्य मी चार वेळा ऐकलं. "पुढच्या गुरुवारी आपण भूतकाळ करू. बुधवारी मी आणि माझा मित्र ट्रेनने एका गावी जाऊन येणार आहोत. गुरुवारी तू मला विचारायचं, कुठे गेलात, कुणाला भेटलात, ती काय म्हणाली."

ती.

मी स्वतः निघाले असते. पण सकाळपासून समोर राखाडी गाडी उभी आहे, काच अर्धी खाली. मी तुझ्याकडे आले तर त्यांना घड्याळ शोधायचीही गरज उरणार नाही. तुझ्याकडे फोन नाही, कारखान्याचं नाव तू मुद्दाम सांगितलं नाहीस, औषधवाल्याचंही नाही. बरंच केलंस. पोलिसांकडे गेल्या वेळी काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आईला काही बोलले नाहीये. हे पत्र शेजारच्या वहिनी आपल्या पिशवीतून नेऊन जलद टपालात टाकणार आहेत. सोमवारी तुझ्या हातात पडेल. पडायलाच हवं.

वाचलंस की उठ. त्या काजंवाल्या बाईकडे जा, तिच्याकडे राहा. भाषा येत नाही म्हणून लाजू नकोस. दार दाखव, मनगट दाखव. तिला कळेल. बुधवारी त्या हिरव्या दाराच्या आत तू नसायला हवीस, ताई.

आणि मला फोन कर, कुणाच्याही फोनवरून. फोन न करायचा आपला नियम मोडला तर मोडू दे. मी उचलला की आधी "मास देस्पासियो" म्हण. म्हणजे मला कळेल की तू एकटी आहेस, मोकळी आहेस. "मी बरी आहे" असं मराठीत म्हणालीस, तर मी समजेन की कुणीतरी शेजारी उभं आहे.

सेन्योरला पाठवायला एक वाक्य मी मघापासून पाठ करतेय. "मि एर्माना या नो विवे आयी." माझी बहीण आता तिथे राहत नाही. सात वेळा रेकॉर्ड केलं. सातही वेळा ऐकताना कळतं की ही मुलगी खोटं बोलतेय. सेन्योर मला अडीच महिने ऐकतोय, माझा श्वास कुठे अडतो तेही त्याला पाठ आहे. पाठवलं तर त्याला कळेल की मला कळलंय, आणि मग ते बुधवारपर्यंत थांबतील कशाला? नाही पाठवलं, आणि हे पत्र उशिरा पोचलं, तर?

आठवं रेकॉर्डिंग जरा बरं आलंय. बोट बटणावर आहे. पाठवू की आता तरी गप्प बसू? तुला काय वाटतं, ताई?

तुझा,
नको तेवढं बोललेला,
पोपट